परभणीचा समुद्रकिनारा

स्थानिक झाडं ओळखा, लावा, जपा असं सांगणारं जे काही मराठीत हाती येतं, त्याला बहुतेकदा खाऱ्या वाऱ्याचा वास असतो. सुरंगीचे गजरे, उंडीचं तेल, खाडीच्या चिखलात पाय रोवून उभी तिवरं, वाळूवर पसरून समुद्राला हद्द दाखवणारी मर्यादवेल. वाचता वाचता कानात गाज घुमू लागते आणि मान वर करून पाहावं तर खिडकीबाहेर परभणी, दुपारचे अडीच, आणि रस्त्यावर सावली शोधत निघालेलं एक कुत्रं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला सहसा कशाचं उणेपण वाटत नाही. पण समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पलीकडे, जंगल जिंतूरकडच्या डोंगरांत काय असेल तेवढं, आणि राज्याचं फूल कोणतं तर ताम्हण, जे आमच्याकडे कुणी हौसेनं लावलं तरच दिसायचं. २०१२ साली खारफुटीसाठी सरकारनं स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष झाला. आम्ही इथून मनापासून आनंद मानला. मग कधीतरी रात्री, दिवे गेलेले असताना, अंथरुणावर पडल्या पडल्या वाटून गेलं की आपलंही काहीतरी असेलच की, ज्याला आजवर कुणी कक्ष दिला नाही.

आजीच्या लेखी वनस्पतिशास्त्र म्हणजे गणपतीच्या एकवीस पत्री. भाद्रपदात चतुर्थीच्या पहाटे आम्हा पोरांना ती दुरडी देऊन पिटाळायची आणि दारातून यादी म्हणत राहायची: आघाडा, माका, शमी, रुई, धोतरा, डोरली, विष्णुक्रांत, बेल, बोर. नव्वद टक्के अभ्यासक्रम धुऱ्यावर आणि उकिरड्याच्या कडेला पुरा व्हायचा. अडायचं दोन ठिकाणी. देवदार हिमालयात आणि केवडा समुद्राकडे. आजीला त्याची फिकीर नव्हती. पूजेत जे मिळत नाही त्याच्या नावानं अक्षता वाहायची सोय शास्त्रानंच करून ठेवलेली आहे. ती चार तांदूळ देवदाराचे वाहायची, चार केवड्याचे, आणि अशा रीतीनं उत्तरेचे पर्वत व पश्चिमेचा किनारा आमच्या देव्हाऱ्यात दरवर्षी हजेरी लावून जायचे. मला आता नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या धुऱ्यावरून आम्ही सगळी दुरडी भरून आणायचो, त्या धुऱ्यावर रांगेनं उभी असायची ती बाभूळ. बोर यादीत आहे, बाभूळ नाही. जन्मभर बोरी-बाभळी असं जोडीनं नाव घ्यायचं आणि देवापुढे नेताना मात्र एकीलाच न्यायचं.

म्हणजे बाभळीचं काही अडलं नाही. काळ्या मातीत, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते, तिथं दोन्ही ऋतूंत निवांत राहणारी झाडं फार नाहीत. बाभूळ राहते. तिची सावली उधारीवर दिल्यासारखी असते. देते, पण मधूनमधून ऊन पाठवून आठवण करून देते. तरी त्याच सावलीत भाकरी सोडली जायची, त्याच फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकायचे, आणि पावसाळ्यात पिवळ्या गोंड्यांनी ती अशी काही भरून यायची की काटेरी बाईनं हळदीकुंकवाला जरीचं लुगडं नेसावं. औताचं लाकूड तिचं, गाडीच्या चाकाचं तिचं, दातवण तिचं, सालीतलं टॅनिन कातडं कमावणाऱ्याच्या कुंडात. गावातला सुतार झाडाकडे पाहून सांगायचा की ही फांदी अजून दोन वर्षांनी वखराला येईल, आणि फांदी दोन वर्षं थांबायची. मग लोखंडी औजारं आली, गाडीला रबरी टायर आले, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी झाली, धुरे वितावितानं बारीक होत गेले. कुणी बाभळीच्या विरुद्ध गेलं असं नाही. तिच्याकडे काही काम उरलं नाही, एवढंच. वसंत बापटांनी बाभूळझाडावर कविता लिहिली, ती पुढे आमच्या पोरांना शाळेत पाठही झाली. पण पाठ झालेली पोरं वर्गाच्या खिडकीतून बघत होती ती गुलमोहराकडे, आणि गुलमोहर मादागास्करचा.

तर मला बाभळीचं रोप हवं होतं. गोदावरीच्या अंगानं, गंगाखेडकडे, वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा आहे आणि त्याचा धुरा उघडाबोडका झाला आहे. रोप म्हटलं की माणूस नर्सरीत जातो. मालकानं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आत वळून आवाज दिला, “अरे, सरांना बाभूळ पाहिजे म्हणं,” आणि परत माझ्याकडे बघत अगदी गंभीरपणे विचारलं, “वेडी की शहाणी?” वेडी बाभूळ कुणी विकत मागणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, शहाणीही आजवर कुणी मागितली नव्हती. विकायला असतं ते जे आपसूक उगवत नाही, हा त्याच्या धंद्याचा पायाच. उगवणारं झाड ठेवायचं म्हणजे पिशवीत ऊन भरून विकायला ठेवण्यासारखं. मला मोकळ्या हातानं पाठवणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं एक हिरवंगार, तजेलदार रोप पुढे केलं. कोनोकार्पस. जनावर तोंड लावत नाही, छाटलं की भिंत होते, शहरात दुभाजकावर हेच लावतात. मी घरी येऊन पुस्तकं उघडली, तर त्याची एक जात अमेरिकेतल्या खारफुटीच्या कडेनं राहणारी, दुसरी सोमालिया-येमेनच्या बाजूची. गुजरातनं २०२३ साली ते लावायला बंदी घातली आहे. चारशे किलोमीटर लांब म्हणून ज्याच्यासाठी आम्ही झुरत होतो, तो समुद्र काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत बसून, तोही परदेशातला, परभणीच्या नर्सरीत येऊन थांबला होता.

गावात कृषी विद्यापीठ असलं की रानटीपणाकडे बघायची नजर खरं तर बदलायला हवी. १९७२ साली आमच्याकडे ते आलं आणि त्याच्या नावानं परभणी देशभर पोचली ती भेंडीतून. ‘परभणी क्रांती’ हे वाण हळद्या रोगाला दाद देत नाही म्हणून गाजलं, आणि ते बळ त्याला मिळालं होतं एका रानटी भेंडीशी केलेल्या संकरातून. दिल्लीची ‘पुसा सावनी’ एका बाजूला, रानातली पाहुणी दुसऱ्या बाजूला, आणि सोयरीक परभणीत. त्या हळद्याला शेतकरी केवडाही म्हणतात. आजीला हे सांगायला हवं होतं की केवडा परभणीत येतो, पण भेंडीवर. देशी कापसाच्या एका वाणाला विद्यापीठानं ‘तुराब’ नाव दिलं आहे, आणि ज्या गावात तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तिथं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे रानाचं, मातीचं, गावरान रक्ताचं महत्त्व आम्हाला कळतं. ते ताटात किंवा बाजारात उतरणार असेल तर लवकर कळतं.

बाभळीच्या बियांविषयी शास्त्राचं म्हणणं असं, की त्यांचं कवच फार कठीण असतं आणि ते मऊ केल्याशिवाय उगवण नीट होत नाही. त्यासाठी उकळतं पाणी वापरावं, नाहीतर तीव्र गंधकाम्ल, नाहीतर शेळी. गंधकाम्ल आणि शेळी एका पंगतीला बसलेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. शेळ्या उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खातात, रात्री वाड्यात रवंथ करताना पुष्कळशा बिया तोंडावाटे टाकून देतात, उरलेल्या लेंड्यांतून येतात. आणि अशा बिया गोळा करून पेरायच्या ही वनखात्यालाही ठाऊक असलेली जुनी रीत आहे. आमच्या शेताच्या वाटेवर एका मामांच्या उस्मानाबादी शेळ्या बसतात. काळ्याभोर, लांब कानांच्या, आणि जगाविषयी फारसं चांगलं मत नसलेल्या. मी मामांकडे विषय काढला.

“लेंडीखत पाहिजे का? ट्रॅक्टरनं की बैलगाडीनं?”

“खत नको मामा. त्यातल्या बाभळीच्या बिया पाहिजेत.”

“अन् लेंड्या?”

“लेंड्या तुमच्या तुम्हालाच.”

मामांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. “बिया निवडून घ्यायच्या अन् लेंड्या वापस द्यायच्या. मास्तर, शिकलेला माणूस असं कामून करतो?”

सकाळी त्यांच्या वाड्यात गेलं की शेळ्या बाहेर पडलेल्या असायच्या आणि जमिनीवर, त्या बसून उठल्याच्या खोलगट जागांभोवती, बिया विखुरलेल्या दिसायच्या. चपट्या, गोलसर, काळपट तपकिरी, अंगावर नखाच्या कोरीसारखी एक फिकट रेघ. वाकून वेचायला लागलं की थोड्या वेळात वास जाणवेनासा होतो आणि उजेड तेवढा राहतो. मामांची नात कडेला उभं राहून बघायची. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग तीही वेचू लागली आणि तिच्या ओंजळीत माझ्या दुप्पट जमू लागल्या.

पेचाची गोष्ट पुढे कळली. शेळीला स्वदेशीचा अभिमान नाही. ती गावरान बाभळीच्या शेंगा खाते आणि तितक्याच आवडीनं वेड्या बाभळीच्या पिवळ्या शेंगाही खाते, आणि दोन्ही बिया सारख्याच ममतेनं माझ्या धुऱ्यावर आणून सोडते. पहिला पाऊस झाला, भेगा मिटल्या, कोंब वर आले, तेव्हा सगळेच नाजूक, सगळेच हिरवे. थोडे दिवस गेले की पानं सांगू लागतात. गावरानीचं पान बारीक, पिसासारखं फाटलेलं, काटा सरळ आणि पांढरा. वेडीच्या पानाला जोड्या कमी आणि पर्णिका लांब. उकिडवं बसून एकेक पान डोळ्यांपाशी नेत, ही आपली, ही परकी, अशी निवड करताना जनगणनेला आलेल्या कारकुनासारखं वाटत होतं. वेडी बाभूळ अमेरिका खंडातली, हिंदुस्थानात आणली गेली १८७०च्या दशकात. त्या वेळी परभणी निजामाच्या राज्यात होती आणि पुढेही पाऊणशे वर्षं राहायची होती. मी कोणत्या तोंडानं तिला उपरी म्हणावं? नदीपात्रातलं तिचं रान मला आवडत नाही, ती खाली गवत जगू देत नाही हे खरं. पण त्या नदीकाठच्या कितीतरी चुली तिच्या सरपणावर पेटल्या आहेत आणि दुष्काळात तिच्या शेंगांवर शेळ्या जगल्या आहेत, हेही तितकंच खरं. धुऱ्यावरची तिची रोपं मी उपटली. उपटताना मामा शेजारी उभे होते आणि तोंडानं काही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

त्यातून आपल्या गावरान बाभळीनं परमुलखात काय उद्योग केले आहेत तेही कळलं आणि मान आणखी खाली गेली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९व्या शतकाच्या अखेरीस तिला मेंढरांच्या सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी नेलं. नेली ती पोटजात नेमकी भारतातलीच. तिनं तिथली गवताळ मैदानं इतक्या लांबवर व्यापली की १९९९ साली देशानं पहिल्यांदा वीस उपद्रवी तणांची यादी केली, तीत तिचं नाव होतं. म्हणजे आमची शहाणी तिथं वेडी. आणि तिकडची? सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणात जांभ्यावर, रस्त्याकडेला, खाडीच्या अंगावर जी लावली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. समुद्र बघायला म्हणून आम्ही कोकणात गेलो तेव्हा ती पहिल्यांदा पाहिली. काटा नाही, खऱ्या अर्थानं पानही नाही, तरी लोक बाभूळ म्हणतात. वाळूवर प्रेमिकांनी ज्याच्याखाली बसायचं ते सुरूचं बनही मूळचं आपलं नाही. हिंदुस्थानात त्याची लागवड सुरू झाली ती कारवारला, १८६८ साली. कळस म्हणजे शास्त्रीय नाव. ‘अकेशिया’ हे प्रजातीचं नाव ज्या झाडावरून ठरलं होतं ते आपली बाभूळ. २००५ साली व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या जाती हजाराच्या घरात आहेत म्हणून नाव त्यांच्याकडे राहू द्यावं असं ठरलं. २०११ साली त्यावर शिक्कामोर्तब झालं तेही मेलबर्नमध्ये. आपली आता ‘व्हॅचेलिया’. बिनकाट्यांच्या झाडांना काटेरीचं नाव मिळालं आणि काटेरी बाईला उतारवयात नवं नाव शिकावं लागलं. मी तिला हे सांगितलेलं नाही.

तिची सरकारदरबारी अगदीच दखल नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आमच्या खालच्या अंगाला, नांदेड जिल्ह्यात, गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. बाभळी हे गाव. पण त्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २०१३ साली निकाल लागला, की दरवर्षी १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे. आता १ जुलै म्हणजे वनमहोत्सवाचाही दिवस. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केलेला हा सप्ताह. २०१६च्या १ जुलैला महाराष्ट्रात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१९पर्यंत आकडा तेहतीस कोटींवर गेला. तेव्हा दरवर्षी त्या सकाळी राज्यभर खड्डे, फावडी, फलक, छायाचित्रं आणि हरतऱ्हेची रोपं यांची धांदल उडालेली असते, आणि त्याच सकाळी फक्त एका बाभळीसाठी, न्यायालयाच्या हुकमानं, अधिकारी जातीनं उभे राहून दारं उघडत असतात.

दारं उघडली की पाणी जातं, आणि पाण्याबरोबर माती. दहावीच्या भूगोलात गोदावरी १,४६५ किलोमीटर असं घोकलं होतं, पण ती एवढं चालून नेते काय, याचा विचार केला नव्हता. ढालेगाव, मुदगल, गंगाखेड, मग नांदेड, मग तेलंगण, मग धवळेश्वरम्, आणि मग काकीनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल. देशातल्या मोठ्या कांदळवनांपैकी एक. ते उभं आहे गोदावरीनं आणून टाकलेल्या गाळावर, आणि त्या गाळात दख्खनची काळी माती आहे. आता वाटेत जायकवाडी आहे, इतर धरणं-बंधारे आहेत, गाळ बराचसा त्यांच्यातच बसतो; पण धरणांच्या आधीच्या शतकांचं देणं पोचून चुकलेलं आहे. म्हणजे परभणीला समुद्रकिनारा आहे. तो पश्चिमेला शोधल्यामुळे सापडत नव्हता. आमच्या शेताचा वरचा थर, ज्यात कुणा खापरपणज्यानं ज्वारी पेरली असेल, तो तिकडे तिवराच्या मुळांशी भरती-ओहोटी मोजत बसला आहे. एवढं समजल्यापासून कोकणावरचा माझा राग गेला. खारफुटीचे फोटो मी आता चुलत्याच्या घरचे असल्यासारखे बघतो. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. ते झाड पोराला कडेवर घेऊन चांगलं हातभर वाढवतं आणि मग चिखलात सोडतं. बाभूळ आपल्या पोरांना कुलूप घालते आणि शेळीबरोबर लांब पाठवून देते. माती मात्र दोघींनी एकाच नदीच्या हातची घेतली आहे.

आता धुऱ्यावर गावरानीची रोपं ढोपराएवढी आहेत. शेजारच्या रानाचे मालक येऊन बघून गेले. “काटा मपल्या रानात पडंल,” म्हणाले. दोन दिवसांनी परत आले आणि माझ्या हद्दीच्या आतल्या अंगाची दोन रोपं दाखवून ती तरी राहू द्या, जेवायला बसायला होईल, असं सांगून गेले. खरा प्रश्न शेळ्यांचा. कोवळ्या बाभळीचा शेंडा त्यांना शेंगेहून गोड लागतो. राखण करायची तर काट्याचं कुंपण हवं. काटा आणायचा कुठून, तर बाभळीचा. बाभळी तर अजून ढोपराएवढ्या. शेवटी नदीकडून वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि धुऱ्याला गुंतवल्या. शहाणीच्या रक्षणाला वेडी, आणि रक्षण कुणापासून, तर जिनं दोघींना पेरलं तिच्यापासून. मामा शेळ्या घेऊन आले ते कुंपणापाशी थबकले. शेळ्याही थबकल्या.

“लावायची शेळीनं,” मामा म्हणाले, “अन् कुंपण बी शेळीलाच?”

यावर उत्तर नव्हतं. मी म्हणालो, झाडं मोठी होऊ द्या, शेंगा लागल्या की पहिला हक्क तुमच्या शेळ्यांचा. किती वर्षं, त्यांनी विचारलं. पाच-सात. मामांनी कळपावरून नजर फिरवली. त्यांतली एकही तोवर राहणार नव्हती, हे त्या नजरेला माझ्याआधी कळलं. मग म्हणाले, लिहून द्या. मी वहीचं पान फाडलं आणि धुऱ्यावरच बसून लिहिलं, की या बांधावरील बाभळींच्या शेंगांवर पहिला हक्क शेळ्यांचा राहील. नातीनं ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ‘शेळ्यांचा’च्या पुढे ‘व त्यांच्या वारसांचा’ एवढं घालायला लावलं.